सॉफ्ट पेस्टल आणि पावसाळी डोंगर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आषाढात ६४ अर्ध्या कांड्यांची सॉफ्ट पेस्टलची पेटी घेतली, दीड हजाराच्या आसपास पडली. आता माघ संपत आलाय. त्याआधी बरीच वर्षं मी फक्त जलरंगात काम करत होते. सगळी मिळून तीसेक निसर्गचित्रं झाली असतील. त्यातली पहिली आठ-दहा फुकट गेली, पण का गेली ते आता कळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते. शाळेत आपण वापरलेले तेलकट, मेणचट खडू म्हणजे ऑइल पेस्टल. हे ते नव्हेत. सॉफ्ट पेस्टलमध्ये मुख्यतः शुद्ध रंगद्रव्य, थोडी खडूची किंवा चिनी मातीची पूड आणि कांडी बांधली जाईल इतपतच डिंक असतो. तेल नसल्यामुळे रंग पिवळा पडत नाही की तडकत नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मोरीस काँतँ द ला तूरने काढलेली पेस्टल व्यक्तिचित्रं आजही टवटवीत दिसतात, ती त्यामुळेच. मात्र हा रंग कागदावर चिकटत नाही, खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांत नुसता बसतो. खाचा भरल्या की पुढचा रंग घसरतो.

हे माहीत नसताना मी वाईजवळच्या मेणवलीचा घाट चित्रकलेच्या साध्या कार्ट्रिज कागदावर काढायला घेतला. तिसऱ्या थराला कांडी नुसती सरकायला लागली. मग सगळं बोटाने घासलं. पायऱ्या, कृष्णेचं पाणी, मागची झाडं, सगळ्याचा एकच राखाडी लगदा झाला. खूप वाईट वाटलं त्या दिवशी. नंतर कान्सन कंपनीचा मी-तँत हा १६० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, रंगीत कागद आणला. त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, दुसरी बाजू बारीक पोताची. पहिल्यांदा जाळीची बाजू वर ठेवली, तर आकाशभर ठिपके दिसले. आता बारीक बाजूच वापरते, आणि पांढऱ्याऐवजी बदामी कागद घेते. हिरव्याच्या फटींतून तो बदामी डोकावतो आणि खाली माती आहे असं वाटतं.

आता मुख्य मुद्दा, हिरव्याचा. पेटीत सात हिरवे होते, सगळे पोपटी नाहीतर बाटलीसारखे. श्रावणातला आपला डोंगर तसा नसतो. वाईहून पांडवगड पाहिला तर लांबचा उतार हिरवा दिसतच नाही, निळसर राखाडी दिसतो, कड्याखाली किंचित जांभळा. पेस्टल पॅलेटवर कालवता येत नाही, त्यामुळे हवी ती छटा थेट कागदावरच, एकावर एक थर देऊन, तयार करावी लागते. मी आता आधी तुटका तुकडा आडवा धरून विटकरी आणि जांभळा हलकासा फिरवते. त्यावर हिरवा, दाब न देता. खालचा विटकरी बारीक कणांनी वर दिसत राहतो आणि तोच कच्चा पोपटी एकदम ओलसर, जिवंत होतो. करवंदीच्या जाळ्यांतला अंधार काळ्याने नाही, गडद निळा आणि तपकिरी यांनी करते. भातखाचरांचा लिंबोणी पिवळा सगळ्यात शेवटी, दोनच फटकारे, आणि त्यांना बोट अजिबात लावायचं नाही. घासलं की कणांवरची चमक जाते. आकाशात थोडं घासलेलं चालतं, जमिनीवर नाही, असं माझं ठाम मत झालंय.

पेटी आली तेव्हा सहा कांड्या तुटलेल्या होत्या आणि दुकानदाराने बदलून दिल्या नाहीत. राग आला होता. पण आडव्या फटकाऱ्यांसाठी तुकडेच लागतात. आता नव्या कांडीचा कागद काढून मी स्वतःच तिचे दोन तुकडे करते.

त्रासही आहे. पावसाळी हवेत कागद सर्दावतो आणि रंग नीट धरत नाही. भुरभुर पावसात बाहेर बसले तर थेंबांचे डाग कायमचे राहिले. धूळ भरपूर उडते, तिच्यावर फुंकर मारायची नाही. बोर्ड उभा ठेवून मागून टिचकी मारायची, खाली ओलं फडकं ठेवायचं. मी मास्क लावते, कारण काही रंगद्रव्यं विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपा. फिक्सेटिव्ह, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा फवारा, मारलं की फिकट रंग काळवंडतात. एका चित्रातले ढग असेच गेले. म्हणून आता ते खालच्या थरांपुरतंच मारते आणि उजेडाचे रंग नंतर देते. एदगार दगा हा फ्रेंच चित्रकारसुद्धा थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह वापरायचा. फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, काच चित्राला टेकता कामा नये. अॅक्रिलिकची शीट नको, स्थिर विजेमुळे ती रंगाचे कण ओढून घेते.

कांड्या एकमेकींना लागून सगळ्या करड्या होतात. त्यांना जाड्या रव्याच्या डब्यात घालून हलवा, लख्ख निघतात. तो रवा मात्र वेगळा ठेवा, पुन्हा स्वयंपाकात नको.

पहिल्यांदा घेणार असाल तर मोठ्या पेटीपेक्षा चांगल्या कागदावर पैसे घाला. पेटी छोटी चालेल, पण करडे आणि मातकट रंग सुटे घ्या, पेट्यांत तेच कमी असतात. मी परवाच पाच आणले. पुढच्या रविवारी पुन्हा मेणवलीला जायचंय. आता डोंगरावरचं गवत वाळून सोनेरी झालंय, त्याच्या सावलीसाठी फिकट जांभळा आणि गेरू वेगळे काढून ठेवलेत.