नागपूरचा उन्हाळा आणि रायझन ५६००एक्स : टॉवर कूलर लावल्यानंतरचा अनुभव

कॉम्प्युटरचा प्रोसेसर गरम होतो म्हटलं की लोक आधी त्यावर बसणाऱ्या कूलरच्या किमती बघायला लागतात. हिवाळ्यात बसवलेल्या माझ्या कूलरने नवतपा पार केला, आता पावसाळा सुरू झालाय. एवढ्या वापरावरून माझं मत पक्कं झालंय : चांगला कूलर घ्यावाच, पण प्रोसेसर खातो ती वीज आधी आवरावी. त्याला एक रुपयाही लागत नाही.

मशीन असं : एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, मधल्या आकाराचं जाळीदार कॅबिनेट, समोरून हवा ओढणारे दोन आणि मागून फेकणारा एक असे १२० मिमीचे पंखे. काम मुख्यतः व्हिडिओ एडिटिंगचं. कूलर डीपकूल एके४००, म्हणजे चार हीट पाइप (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या) आणि एक पंखा असलेला सिंगल टॉवर, धातूच्या पातळ पत्र्यांचा एकच उभा मनोरा. त्याची उंची १५५ मिमी आहे, त्यामुळे कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी मोजून घ्या.

घरात एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. मे महिन्यात दुपारी खोलीतच ३५-३६ अंश असतात. हे सांगतोय कारण हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. एसीच्या २२ अंशांत घेतलेली रीडिंग वाचून आपल्याकडे तसेच आकडे येतील अशी अपेक्षा धरू नका. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. उरतो तो फरक खरा, आणि तोच कमी करणं आपल्या हातात असतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात प्रोसेसरसोबत आलेल्या छोट्या पंख्यावर सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन स्कोअर देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवलं की एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ८९-९० अंश दिसायचे. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची, म्हणजे धोका नव्हता. त्रास होता आवाजाचा. व्हिडिओचा एक्सपोर्ट लागला की त्याच खोलीत बसून फोनवर बोलता यायचं नाही. यंदा तीच खोली, दुपारची तीच वेळ, आणि आकडा ७२-७३. पंखा फिरतोय हे मुद्दाम कान दिला तरच कळतं. माझे पैसे वसूल झाले ते या शांततेमुळे.

बसवताना एक गोष्ट जपा. एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डावरची या प्रोसेसरची जागा) पिना प्रोसेसरला असतात, आणि प्रोसेसर-कूलरमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून चिकटली असेल तर कूलर उचलताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी मशीन पंधरा-वीस मिनिटं लोडवर, म्हणजे जड काम देऊन, चालवून पेस्ट मऊ करा. मग बंद करून प्लग काढा, आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवा. बोर्डामागची लोखंडी पट्टी नव्या कूलरलाही लागते. स्क्रू काढले की ती मागे निसटते, तेव्हा एक हात तिच्यावर ठेवा.

नवा कूलर लावूनही काही काम चालू नसताना तापमान ४२ वरून एकदम ५५ वर उडी मारतं आणि परत येतं. त्यात बिघाड काही नाही. या प्रोसेसरचे सगळे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) जेमतेम ८० चौरस मिमीच्या एका चिपमध्ये आहेत, त्यामुळे उष्णता एवढ्याशा जागेत क्षणात उसळते. ती कूलरच्या धातूपर्यंत पोहोचायच्या आत सेन्सरवर दिसते. याच कारणाने कूलर दुप्पट मोठा घेतला म्हणून तापमान त्या हिशोबाने उतरत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ६० अंशांपर्यंत पंख्याचा वेग एकसारखा ठेवा, म्हणजे तो उगाच वर-खाली होणार नाही.

आता विजेकडे येतो. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह या विभागाखाली कर्व्ह ऑप्टिमायझर असतो. तिथे निगेटिव्ह आकडा दिला की कोअरचं व्होल्टेज उतरतं, दर पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. मी उणे १० पासून हळूहळू उणे २० वर आलो. यात अस्थिरता बऱ्याचदा जड कामात दिसतच नाही. मशीन नुसतं बसलेलं असताना किंवा ब्राउझर चालू असताना अचानक रीस्टार्ट होतं. त्यामुळे सिनेबेंच पार पडलं म्हणून सेटिंग पक्कं समजू नका, काही दिवस रोजचं काम करून बघा. प्रत्येक चिप वेगळी असते, माझा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

उन्हाळ्यात मी त्यावर इको मोड, म्हणजे कमी विजेचं सेटिंगही लावतो. प्रोसेसरची वीजमर्यादा ७६ वॅटवरून साधारण ६० वर येते. तापमान ६२-६३ वर थांबतं, सिनेबेंचचा स्कोअर सातेक टक्क्यांनी घटतो. एक्सपोर्टमध्ये तो फरक मला जाणवलेला नाही. पहिला मोठा पाऊस झाला की इको मोड काढून टाकतो.

डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्या हवेसोबत बारीक तुषार येतात आणि पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. समोरची जाळी दर महिन्याला झटकून घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

लिक्विड कूलिंगबद्दल, म्हणजे द्रव फिरवून प्रोसेसर थंड करण्याबद्दल, हमखास विचारलं जातं. ७६ वॅटच्या प्रोसेसरला त्याची अजिबात गरज नाही. तेवढ्या पैशांत कूलर, पेस्ट आणि कॅबिनेटचे दोन चांगले पंखे येतात.

ज्यांच्याकडे रायझनच्या पुढच्या पिढीचा ७६००एक्स किंवा ७७००एक्स आहे त्यांनी लोडवर ९५ दिसले म्हणून घाबरू नये. ती मालिका तापमान वाव देईल तोवर वेग वाढवत नेण्यासाठीच बनवली आहे, त्यामुळे मोठा कूलर लावूनही आकडा तिथेच दिसू शकतो. तिथेही आधी ६५ वॅटचा इको मोड लावून बघा, आणि मग नव्या कूलरचं ठरवा.