जुने ५.१ स्पीकर आणि नवा टीव्ही: सांगलीत घेतलेल्या डिकोडरबद्दल

घरात ५.१ स्पीकरचा जुना संच पडून असेल आणि नव्या टीव्हीला तो लागत नाही म्हणून भंगारात काढायचं चाललं असेल, तर थोडं थांबा. हरभट रोडजवळच्या एका बोळात जुनं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून मी ५.१ डिकोडर, म्हणजे टीव्हीचा आवाज सहा स्पीकरांत वाटून देणारा डबा, आणला आणि तो आता घरात रोज चालू असतो. घ्यावा असा आहे. काही बाबतींत तो कमी पडतो, तेही लिहिते, कारण पैसे घालण्याआधी ते माहीत असायला हवं.

माझा संच क्रिएटिव्हचा इन्स्पायर. पाच लहान स्पीकर, एक सबवूफर (जाड, खालच्या आवाजांचा मोठा स्पीकर) आणि कॉम्प्युटरला लावायच्या तीन पिना: हिरवी, काळी, केशरी. हिरवी पुढच्या दोन स्पीकरची, काळी मागच्या दोघांची, केशरी सेंटर (मधला स्पीकर) आणि सबवूफरची. पूर्वी या तिन्ही पिना कॉम्प्युटरच्या मागे त्याच रंगांच्या भोकांत जायच्या आणि काम व्हायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी शिरलं तेव्हा स्पीकर माळ्यावर टाकलेले होते म्हणून वाचले. कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही गेले. नवा टीव्ही आला, त्याला मागे एचडीएमआय आहे, ऑप्टिकल (उजेडातून आवाज पाठवणारं भोक) आहे, हेडफोनचं एक भोक आहे. तीन रंगांची भोकं नाहीत. हेडफोनला हिरवी पिन लावून बघितली तर पुढचे दोनच स्पीकर वाजतात, बाकीचे गप्प.

मी हौशी नाटकांना पार्श्वसंगीत देते. भावे नाट्यमंदिरात स्पर्धेच्या वेळी विंगेत बसून पावसाचा आवाज नेमका कुठल्या बाजूने यायला हवा यावर दिग्दर्शकाशी वाद घालण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. सहा स्पीकर घरात असताना दोनांवर ऐकणं मला जमेना.

दुकानात गेले तेव्हा दुकानदार काकांना म्हटलं, ऑप्टिकलवरून या तीन पिनांत जाईल अशी काहीतरी पिन द्या. काका स्पीकरचा फोटो बघत म्हणाले, "ताई, पिनेचं काय घेऊन बसलाय? वायरीतनं येतंय काय ते बघा की आधी." आणि मग त्यांनी गिऱ्हाईक थांबवून समजावून सांगितलं. ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून माझ्या भाषेत लिहिते.

ऑप्टिकल केबल तोशिबाने १९८३ मध्ये आणली ती सीडी प्लेअरसाठी. सीडीत दोनच चॅनेल, म्हणजे दोन स्पीकरचे दोन सुटे आवाज, असतात, त्यामुळे साधा, न दाबलेला आवाज, ज्याला पीसीएम म्हणतात, तो या वाटेने दोन चॅनेलचाच जातो. सहा चॅनेल तसेच पाठवायचे म्हटले तर सेकंदाला सुमारे ४६ लाख बिट लागतील, तेवढी जागा या वाटेवर नाही. म्हणून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस हे प्रकार कामाला येतात. सहा चॅनेलचं घट्ट गाठोडं बांधायचं आणि ते दोन चॅनेलच्या जागेतून पाठवायचं. डीव्हीडीवरचं डॉल्बीचं गाठोडं सेकंदाला जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार बिटांचं असतं, म्हणजे मूळच्या एक दशांशाच्या आसपास. आपल्या जुन्या स्पीकरना मात्र सहा वेगवेगळ्या तारांवर सहा सुटे आवाज लागतात, त्यांना गाठोडं सोडता येत नाही. आधी ते काम कॉम्प्युटर करायचा. आता ते करणारं कुणीतरी मध्ये बसवावं लागतं, तोच डिकोडर.

बाजारात फसगत होते ती इथेच. आमच्या शेजारच्या वहिनींनी ऑनलाइन पाचशे रुपयांचा लहानसा डॅक (डिजिटल आवाज स्पीकरला चालेल असा करून देणारी डबी) मागवला. डबी तशीच दिसते, ऑप्टिकलचं भोकही तेच, पण तिला फक्त दोन चॅनेलचं पीसीएम कळतं. टीव्हीने डॉल्बी पाठवलं की तिच्यातून नुसती खरखर यायची. विकणाऱ्याने वर्णनात 'सराउंड सपोर्ट' असं लिहिलेलं होतं, परत घ्यायला मात्र तयार नाही. मागच्या बाजूला आउटपुटच्या दोनच पिना असतील तर तो सहा चॅनेलचा डिकोडर नाही, एवढं बघितलं तरी पुरे. सहा पिना हव्यात, किंवा तीन स्टिरिओ जॅक हवेत, आणि माहितीत डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस अशी दोन्ही नावं स्पष्ट हवीत. डॉल्बी डिजिटलला काही ठिकाणी एसी-३ लिहितात, वस्तू तीच.

मी घेतलेल्या डब्यावर कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा शिक्का नाही. काळा पत्रा, पोथीएवढा आकार. पुढे तीन बारीक दिवे: पीसीएम, डॉल्बी, डीटीएस. जो आवाज येतोय त्याचा दिवा लागतो, आणि जोडणी करताना याच दिव्यांनी मला सगळ्यात जास्त मदत केली. मागे एक ऑप्टिकल, एक कोअ‍ॅक्सियल (तोच डिजिटल आवाज तारेने घेणारं भोक) आणि सहा आरसीए (लाल-पांढऱ्या गोल) पिना. डिकोडरचे २,६०० रुपये. ऑप्टिकल केबल आणि स्पीकरच्या पिना आरसीएला जोडायचे तीन तुकडे धरून सगळं तीन हजारांच्या थोडं वर गेलं.

जोडताना पहिली गोष्ट, ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या काढायच्या. केबलचं एक टोक टीव्हीत घालून टीव्ही सुरू केला की दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसतो. तो दिसला म्हणजे टीव्हीचं ऑप्टिकल चालू आहे. केबल भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबू नका, आतला धागा मोडतो. या केबलमधून वीज जात नाही, फक्त उजेड जातो, आणि त्याचा एक मोठा फायदा आमच्याकडे लगेच जाणवला. केबल टीव्हीच्या वायरीमुळे सबवूफरमधून कायम येणारी बारीक घूं पूर्ण बंद झाली.

खरी गंमत केशरी पिनेची. एकाच पिनेत सेंटर आणि सबवूफर असे दोन आवाज असतात, आणि कुठल्या तारेवर कुठला हे सगळ्या कंपन्यांत सारखं नसतं. पहिल्यांदा सगळं लावून एक डीव्हीडी सुरू केली, डॉल्बीचा दिवा लागला, मागून-पुढून आवाज आले, पण निवेदकाचा आवाज सबवूफरमधून, जाड आणि कोंडलेला. सेंटरचा चिमुकला स्पीकर ढोलाच्या ठोक्यांनी नुसता थरथरत होता. डब्याच्या मागे सेंटर आणि सबवूफरच्या दोन आरसीए पिना काढल्या, लाल जागी पांढरी आणि पांढऱ्या जागी लाल लावली. त्या क्षणी निवेदक टीव्हीच्या बरोबर खाली येऊन बोलायला लागला. तुमच्याकडे संवाद घोगरे येत असतील तर डबा परत न्यायच्या आधी ह्या दोन पिना बदलून बघा. काकांकडे 'खराब आहे' म्हणून परत येणाऱ्या डब्यांत हेच जास्त असतं असं ते म्हणाले.

दुसरा भाग टीव्हीच्या सेटिंगचा. आवाजाच्या मेनूत डिजिटल आउटपुट नावाचा पर्याय असतो. तिथे पीसीएम असेल तर टीव्ही स्वतःच सहाचे दोन चॅनेल करून पाठवतो, आणि कितीही चांगला डिकोडर लावला तरी पुढचेच दोघे वाजतात. तिथे 'डॉल्बी डिजिटल' निवडायचं. 'पास थ्रू' (आलेला आवाज जसाच्या तसा पुढे) निवडलं तर काही ॲप डॉल्बी डिजिटल प्लस पाठवू बघतात. ते नवं गाठोडं ऑप्टिकलच्या वाटेने जात नाही, आणि या डब्याला ते सोडताही येत नाही. 'डॉल्बी डिजिटल' ठेवलं की आमचा टीव्ही त्याचं साधं डॉल्बी करून देतो. शिवाय ॲपच्या आत भाषेच्या यादीत ५.१ लिहिलेला ट्रॅक निवडावा लागतो, नाहीतर पीसीएमचाच दिवा लागून राहतो.

आता आवाजाबद्दल. माझ्याकडे शास्त्रीय संगीताच्या मैफिलीची एक डीव्हीडी आहे, तिच्यात दोन चॅनेल आणि ५.१ असे दोन्ही ट्रॅक आहेत. रिमोटवरून एकातून दुसऱ्यात जात ऐकली. दोन चॅनेलवर तानपुरे, गायक, टाळ्या सगळं टीव्हीच्या चौकटीत दाटीने बसलेलं. ५.१ वर गायक मधोमध, तानपुरे त्याच्या दोन्ही बाजूंना मागे सरकलेले, आणि समेवर आलेली दाद माझ्या खांद्यामागून. मिरज इथून दहा किलोमीटरच्या आत. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना मी जवळून ऐकलेली आहे. तो तारेचा पसरत जाणारा झणत्कार या छोट्या स्पीकरांत पूर्ण येईल अशी अपेक्षा नव्हतीच, पण तंबोरा गाण्याच्या आड न जाता वेगळा ऐकू येतो, आणि एवढ्यासाठीसुद्धा मी हे पैसे पुन्हा खर्च करेन.

माझ्यापेक्षा जास्त उपयोग सासऱ्यांना झाला. अप्पांना कमी ऐकू येतं. सिनेमा बघताना ते आवाज वाढवायचे, मग मारामारीच्या प्रसंगात सगळं घर हादरायचं. ५.१ मध्ये बोलणं बहुतेक सेंटरमध्ये असतं. डब्याच्या रिमोटवर सेंटर वेगळा वाढवता येतो, तो थोडा वर घेतला आणि सबवूफर खाली. अप्पा म्हणाले, "आता काय बोलतात ते कळतंय गं." तेव्हापासून एकूण आवाज कमी ठेवूनही त्यांना समजतं. घरात वयस्कर माणसं असतील तर माझ्या दृष्टीने डिकोडर घ्यायचं पहिलं कारण हे.

मालिका आणि बातम्यांना मात्र हा फायदा नाही. आमच्या केबल टीव्हीवर त्या दोन चॅनेलमध्येच येतात. डब्यावर एक बटण आहे, ते दाबलं की तोच आवाज सहाही स्पीकरवर जातो. ती नुसती वाटणी आहे, त्यात पुढचं-मागचं काही राहत नाही. अप्पांच्या बातम्यांसाठी ठीक, गाण्यासाठी मी ते कधीच लावत नाही.

कमतरता अजून आहेत. आवाजाचा प्रकार बदलला की डबा ओळखायला अर्धा-एक सेकंद घेतो आणि तेवढा आवाज जातो. सिनेमा थांबवून परत सुरू केला की पहिला शब्द हमखास गायब. मला याचा खरंच त्रास होतो, नाटकात पहिला शब्द गेला तर वाक्य गेलं. वीज गेली की सेंटर आणि सबवूफरची पातळी पुसली जाते, पुन्हा लावावी लागते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. टीव्हीचा रिमोट आवाजाला चालत नाही, डब्याचा वेगळा रिमोट हातात ठेवावा लागतो. एआरसी (एचडीएमआयमधूनच टीव्हीचा आवाज बाहेर घेण्याची सोय) असलेला डिकोडर घेतला तर ती अडचण बहुतेक सुटते, त्याला पैसे जास्त. मागचे स्पीकर जवळ-लांब असतील तर त्यांचा आवाज उशिरा सोडण्याची सोय या डब्यात नाही. आमचा हॉल लांबट आहे, मी स्पीकर सरकवून जमवलं. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येणारा प्रकार) वगैरेची अपेक्षा ठेवू नका, आणि ब्लू-रेवरचे मोठे ट्रॅकही ऑप्टिकलवरून येत नाहीत, त्यांचं साधं डॉल्बी किंवा डीटीएसच मिळतं.

डबा त्याच्याबरोबर आलेल्या अ‍ॅडॉप्टरवरच चालवा. टीव्हीच्या यूएसबीवर लावला तर आमच्याकडे बारीक घुरघुर यायला लागली, अ‍ॅडॉप्टरवर परत घेतल्यावर गेली.

दुकानाबद्दल. जागा लहान, उभं राहायला दोन माणसांची सोय, गाडी लांब लावून चालत जावं लागतं. संध्याकाळी गर्दीत समजावून सांगायला काकांना वेळ नसतो, सकाळी जा. त्यांच्याकडे दुकानातच डीव्हीडी प्लेअर आणि सहा स्पीकर मांडलेले आहेत, डबा घ्यायच्या आधी प्रत्येक चॅनेल वेगळा वाजवून दाखवतात. ऑनलाइन हाच डबा दोन-तीनशेने स्वस्त दिसला, तरी मला इथे घेणं परवडलं, कारण जोडायचे तुकडे त्यांनी माझ्या पिनांना लावून, हलवून बघून दिले. सैल बसणारा एक लगेच बदलला. बिल मागितलं की देतात, सहा महिन्यांची हमी बिलावर हाताने लिहून देतात.

नवीन साउंडबारला पंधरा-वीस हजार घालायची तयारी असेल आणि जुना संच बरा वाजत नसेल तर डिकोडरच्या मागे लागू नका, स्पीकरचे कागद फाटलेले असतील तर डिकोडर ते शिवणार नाही. आधी संच मोबाईलला लावून एकेक पिन वाजवून बघा. सहाही स्पीकर शाबूत असतील तर टीव्हीच्या मागच्या बाजूचा आणि स्पीकरच्या पिनांचा स्पष्ट फोटो काढून काकांकडे न्या. फोटो बघितल्याशिवाय ते काही विकत नाहीत.