मौसमग्राम बघताना नदीच्या वरचं गावही निवडा

हवामान खात्याने ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रामपंचायतनिहाय अंदाज सुरू केला. त्यासाठीच्या मौसमग्राम या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडायची किंवा पिन कोड टाकायचा. पहिल्या 36 तासांचा अंदाज तासातासाचा, पाच दिवसांपर्यंत तीन-तीन तासांचा आणि दहा दिवसांपर्यंत सहा-सहा तासांचा मिळतो. सगळं फुकट.

फवारणीसाठी हा तक्ता उत्तम. फक्त पावसाचा रकाना बघून पंप पाठीवर घेऊ नका, वाराही बघा. ताशी 10-12 किलोमीटरच्या पुढे वारा असला की उसातलं तणनाशक बांधापलीकडच्या सोयाबीनवर जातं आणि मग भाऊबंदकीला नवं निमित्त मिळतं. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरू लागतं) यांत एक-दोन अंशांचाच फरक दिसला तर पहाटे पानं ओली राहणार. उन्हं वर आल्याशिवाय औषध मारू नये. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीलाही हाच हिशोब लागतो, कारण दवानं शेंग मऊ पडली की मशीनमधून दाणा नीट सुटत नाही.

मिलिमीटरच्या आकड्यावर मात्र भिस्त नको. संगणकाचं गणित काही किलोमीटरच्या चौकटीवर चालतं आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात एका डोंगरानं पाऊस बदलतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात, शिरोळला पाचशेच्या आसपास. मधलं अंतर शंभर किलोमीटरही नाही. घाटाजवळच्या गावांनी आकडा नव्हे, कल बघावा: पाऊस वाढतोय की उघडीप येतेय, एवढंच.

पुराच्या बाबतीत आपल्या गावाचा अंदाज जवळजवळ बिनकामाचा. करवीर, हातकणंगले, शिरोळमध्ये ऊन पडलेलं असतानाही पंचगंगा चढते, कारण पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून येतं. म्हणून गगनबावडा, राधानगरी आणि शाहूवाडी तालुक्यांतली एकेक ग्रामपंचायत निवडून त्यांचाही अंदाज रोज बघा. तिथं सलग दोन-तीन दिवस जोराचा पाऊस दिसला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे लक्ष ठेवा: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी 347.50 फुटांना टेकलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी त्याआधीच वर काढलेल्या बऱ्या. रात्री चिखलातून केबल ओढत बसण्यात काही शहाणपण नाही. शिरोळकरांना कृष्णेचं पाणीही हिशोबात धरावं लागतं, ते मौसमग्रामच्या पानावर कुठंच दिसत नाही.

आणखी एक. अतिवृष्टीची भरपाई मागताना अंदाजाचा स्क्रीनशॉट चालत नाही. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापन केंद्रावर 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की नाही, ते बघतात. दारात साधं पर्जन्यमापक ठेवा, सकाळी साडेआठला मोजा आणि वहीत लिहा. वहीला सरकारी मान नाही, पण मंडळातला आकडा आणि आपल्या शिवारातला पाऊस यांत किती फरक पडतो ते कळतं. एक मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला साधारण शंभर लिटर पाणी.

एप्रिल-मेमधल्या वळवासाठी मौसमग्राम सोडून द्या. दुपारनंतर उठणारा ढग चार-पाच किलोमीटरचा, तो कुठल्या शिवारावर फुटेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. तेव्हा ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा. जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की ते सावध करतं. लोकेशन बंद असेल तर मात्र त्याला तुम्ही कुठं आहात तेच कळत नाही.