‘सुलताना’ आगबोटीची लाकडी प्रतिकृती : काम सुबक, माहितीपत्रक चुकीचे

कॉलेज रोडवरील एका दुकानातून ‘सुलताना’ या आगबोटीच्या प्रतिकृतीचा संच मी 3,200 रुपयांना घेतला आणि पावसाळ्यात सहा आठवडे खपून तो पूर्ण केला. प्रमाण 1:200 असल्याने मूळ 260 फुटी बोट येथे सुमारे 40 सेंटिमीटर भरते. लाकडी भाग एकमेकांत अचूक बसतात आणि दोन्ही बाजूंची पाणचाके हाताने फिरवता येतात.

माहितीपत्रकात मात्र तिला ‘युद्धनौका’ म्हटले आहे, आणि ही चूक मला फार खटकली; ती मिसिसिपी नदीवरची खासगी प्रवासी आगबोट होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्य वाहून नेण्याचा भार मुख्यतः भाड्याने घेतलेल्या खासगी बोटींवर होता. 1862 मध्ये उत्तरेच्या सैन्याचे जनरल मॅक्लेलन यांचे 1,21,500 सैनिक आणि 14,592 जनावरे व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो किल्ल्याकडे नेण्यासाठी 113 आगबोटी, 188 शिडाची जहाजे आणि 88 बार्जेस रोजाने घेण्यात आल्या होत्या. ‘सुलताना’ला मात्र दर शिपायामागे 5 डॉलर मिळणार होते, त्यामुळे माणसे जितकी अधिक तितकी कमाई अधिक. एप्रिल 1865 मध्ये व्हिक्सबर्ग येथे दक्षिणेच्या कैदेतून सुटलेल्या उत्तरेच्या सैनिकांना तिच्यावर चढवताना 376 प्रवाशांची मर्यादा कोणी पाळली नाही. बॉयलरला घाईने ठिगळ मारून दोन हजारांहून अधिक माणसांसह ती निघाली. 27 एप्रिलच्या भल्या पहाटे मेम्फिसच्या वरच्या अंगाला बॉयलर फुटले आणि अकराशेहून अधिक माणसे आगीत व पुरात गेली. नाशिकला दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढलेले गोदेचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पूर आलेल्या मिसिसिपीत रात्री उडी घेणे म्हणजे काय, हे सांगावे लागणार नाही.

संचात माणसांच्या केवळ 12 आकृती आहेत. अपघाताच्या आदल्या दिवशी हेलेना येथे काढलेल्या छायाचित्रात तिन्ही मजले माणसांनी काळे झालेले दिसतात, म्हणून मी व नातीने आगपेटीच्या काड्यांचे तुकडे करून प्रथम 376 उभे केले, पुढे हजारापर्यंत गेलो, तेव्हा तिने विचारले, “आजोबा, हे झोपणार कुठे?”

वरच्या मजल्याची पट्टी पातळ असून दमट हवेत ती वाकते. प्रत्यक्ष बोटीतही गर्दीच्या भाराने मजला खचू लागल्याने खाली लाकडी टेकू द्यावे लागले होते. मीही तेच केले. दुकानदाराने एक तुटलेले धुराडे तक्रार न करता बदलून दिले. संच घेणाऱ्यांनी टेकूंसाठी 3 मिलिमीटरची जादा पट्टी त्याच वेळी मागून घ्यावी.