'टायनी' ते 'इन्फिनिटेसिमल': मेरियम-वेबस्टरच्या मोफत कोशाची पारख

टायनी, मायन्यूट, मायक्रोस्कोपिक, इन्फिनिटेसिमल. छोटे इंग्रजी-मराठी कोश या साऱ्यांपुढे 'अतिशय लहान' किंवा 'सूक्ष्म' लिहून मोकळे होतात. मग कोणता शब्द कुठे वापरायचा? मेरियम-वेबस्टरच्या मोफत ऑनलाइन कोशात याचं उत्तर सापडतं, फक्त ते पहिल्या व्याख्येत नसतं.

आधी 'स्मॉल' शोधा आणि खाली समानार्थी शब्दांतला फरक सांगणाऱ्या परिच्छेदापर्यंत जा. या कोशाचं खरं मोल तिथे आहे. 'मायन्यूट' म्हणजे कमालीचं बारीक. 'टायनी' त्याच अर्थाचा, पण बोलण्यातला. 'मिनिएचर' म्हणजे प्रमाण राखून केलेली छोटी प्रतिकृती. म्हणून मुंगी 'टायनी', टेबलावरचा रायगड मात्र 'मिनिएचर'.

'मायन्यूट'ची गफलत नेहमीची. वेळेच्या 'मिनिट'चं स्पेलिंगही तेच, म्हणून संज्ञेची नोंद सोडून विशेषणाची उघडा आणि तिथलाच ध्वनी ऐका. जोर दुसऱ्या अवयवावर आहे. दोन्हींचं मूळ एकच: लॅटिनमध्ये तासाचा 'पहिला बारीक भाग' तो मिनिट, 'दुसरा' तो सेकंद.

'मिनस्क्यूल' (अगदी लहान) लिहिताना हमखास चूक होते. 'मिनी' डोक्यात असल्याने 'यू'च्या जागी 'आय' पडतो. तसं स्पेलिंग आता इतकं रुळलंय की कोशही त्याची दखल घेतो. तरी परीक्षेत किंवा छापायच्या मजकुरात 'मायनस'मधला 'यू'च ठेवा. 'इन्फिनिटेसिमल'मध्ये 'इन्फिनिट' दिसतं म्हणून प्रचंड असं समजू नका. कलनशास्त्रातला हा शब्द शून्याला भिडणारं लहानपण सांगतो.

'आयोटा' हे ग्रीक अक्षराचं नाव. अर्थ 'किंचित', पण वापर बहुधा नकारातच, अगदी आपल्या 'तसूभरही नाही'सारखा. 'स्मिजन' मात्र होकारात सहज चालतो: चिमूटभर मीठ. हा भेद व्याख्येत दिसत नाही, उदाहरणवाक्यांत दिसतो. निदान तीन तरी वाचावीत.

कोश अमेरिकी, म्हणून उच्चारही अमेरिकी. स्कॉटलंडचा लाडका 'वी' (म्हणजे छोटं) किंवा ब्रिटिश 'मायन्यूट' ऐकायचा असेल, तर सोबत केंब्रिजचा कोश उघडा. तिथे दोन्ही उच्चार शेजारीशेजारी मिळतात.