हिरवी शार्त्रूज : मिळेनाशी का झाली, आणि मिळालीच तर कशी प्यावी

हिरवी शार्त्रूज म्हणजे फ्रान्समधल्या मठवासीयांची, वनस्पतींपासून केलेली कडक आणि गोड दारू, म्हणजेच लिक्यूर. तिची बाटली हातात आली की रंग नंतर बघा, आधी गळ्यापाशी छापलेला आकडा शोधा. ‘एल’ या अक्षरापुढे सहा अंक असतात. समजा ९३५०४५ असं लिहिलंय. पहिल्या तीन अंकांत १०८४ मिळवायचे, की २०१९ येतं. उरलेले तीन अंक म्हणजे वर्षातला कितवा दिवस: पंचेचाळिसावा, म्हणजे १४ फेब्रुवारी. त्या दिवशी ही बाटली भरली. १०८४ कुठून आलं? त्या साली ब्रूनो नावाचा धर्मपंडित सहा सोबत्यांना घेऊन ग्रनोब्ल शहराजवळच्या शार्त्रूज डोंगरात राहायला गेला आणि कार्थुसियन हा कॅथलिक संन्याशांचा संघ सुरू झाला. बाटलीच्या खांद्यावर काचेतच उठवलेली मुद्रा बोटाला लागते: पृथ्वीचा गोल, त्यावर क्रूस, भोवती सात तारे. तारे त्या सात जणांचे. दारूच्या बाटलीवरची तारीखसुद्धा मठाच्या स्थापनेपासून मोजणारी ही मंडळी आहेत. बाजाराला हवा तेवढा माल ती का काढत नाहीत, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

आपल्याकडे कॅथलिक संघ म्हटलं की शाळा, कॉलेज, दवाखाना, वसतिगृह आठवतं. मुंबईत जेझुइटांचं झेवियर्स, माटुंग्याला सेलेशियनांचं डॉन बॉस्को. कार्थुसियन यातलं काहीच करत नाहीत. शाळा नाही, धर्मग्राम नाही, प्रवचनं नाहीत. प्रत्येकाची वेगळी खोली, खालच्या मजल्यावर हातकामाची जागा, बाहेर भिंतीआडची छोटी बाग. जेवण दाराशेजारच्या खिडकीतून आत सरकवलं जातं. मांस कधीच नाही. मध्यरात्री उठून चॅपेलमध्ये दीर्घ प्रार्थना, मग पुन्हा झोप. गप्पा मुख्यतः आठवड्यातून एकदा, सगळे मिळून डोंगरात फिरायला जातात तेव्हा. एकांत आणि प्रार्थना हेच त्यांचं काम. ते चालवायला पैसे लागतात, म्हणून ही लिक्यूर. मठांचा खर्च भागावा एवढ्यासाठी ती आहे.

आता तुटवड्याकडे. २०२१ मध्ये संघाने ठरवलं की उत्पादन वाढवायचं नाही. वर्षाला साधारण १६ लाख बाटल्या, त्यापुढे नाही. २०२३ च्या सुरुवातीला ही गोष्ट जगभर पसरली आणि न्यूयॉर्कपासून लंडनपर्यंत बारवाले हवालदिल झाले. लॉकडाऊनमध्ये लोक घरी कॉकटेल करायला शिकले होते, मागणी चढतच होती. कुठल्याही कंपनीने अशा वेळी नवी भट्टी लावली असती. मठाने दोन कारणं दिली. उत्पादन वाढलं की पर्यावरणावरचा भार वाढतो, हे एक. दुसरं, आणि खरं वजनदार, म्हणजे दारूच्या व्यापामुळे मठवासीयांचा एकांत खर्ची पडतो. पाककृती दोन-तीन मठवासीयांनाच ठाऊक असते. दुप्पट माल काढायचा तर त्याच दोन-तीन डोक्यांवर दुप्पट काम येणार आणि ते प्रार्थनेतून वजा होणार.

याला कोणी मार्केटिंगची चलाखी म्हणतं. ते पटत नाही. कृत्रिम टंचाई करणारा टंचाईचा फायदा स्वतःच्या खिशात घालतो. इथे चढ्या भावाची मलई खाल्ली ती मधल्या साठेबाजांनी. तक्रार करायचीच तर ती वाटपाबद्दल करावी. कुठल्या देशाला, कुठल्या दुकानाला किती पेट्या, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. बऱ्याच दुकानांत माणशी एक बाटली असा नियम दिसतो, आणि काही दुकानदार बाटली मागे ठेवून ओळखीच्यांना देतात. विक्री-वितरण बघायला १९७० पासून मठाची वेगळी कंपनी आहे, तिथे बाहेरचे पगारी लोक काम करतात. एवढी माहिती जाहीर करणं त्यांना जड जाऊ नये.

जग बदललं म्हणून या संघावर वेळ येण्याची ही पहिली खेप नव्हे. फ्रेंच क्रांतीत मठ रिकामा झाला, पाककृतीचं हस्तलिखित हातोहात फिरत राहिलं. १९०३ मध्ये फ्रेंच सरकारने धर्मसंघांविरुद्धच्या कायद्याखाली त्यांना सैनिक पाठवून बाहेर काढलं, भट्टी आणि ट्रेडमार्क जप्त केला. ते स्पेनमध्ये तारागोनाला गेले आणि तिथे तीच लिक्यूर करू लागले. इकडे फ्रान्समध्ये ट्रेडमार्क विकत घेतलेल्या कंपनीकडे नाव होतं, कृती नव्हती. लोकांनी तिची बाटली चाखली आणि सोडून दिली. १९२९ पर्यंत कंपनी बुडाली, स्थानिक मंडळींनी कवडीमोलाने शेअर घेऊन मठाला परत दिले. १९३५ मध्ये दरड कोसळून जुनी भट्टी गाडली गेली, तेव्हा काम व्वारों गावात हलवलं. पुढे भर वस्तीत एवढा अल्कोहोलचा साठा नको, असे सुरक्षेचे नियम आले, म्हणून २०१८ पासून भट्टी एगन्वारला आहे. कार्थुसियनांचं एक लॅटिन बोधवाक्य आहे, त्याचा अर्थ असा: जग फिरत राहतं, क्रूस जागचा हलत नाही. भट्टीचा पत्ता मात्र बराच हललाय.

करतात कशी, तर १३० वनस्पती. वाळवलेल्या मुळ्या, साली, पानं, फुलं मठातच निवडतात, कुटतात, मिसळतात आणि मिश्रणं पोत्यांत भरून भट्टीवर पाठवतात. भट्टीवरच्या कामगाराला पोत्यात नेमकं काय आहे ते कळत नाही. वनस्पती अल्कोहोलमध्ये भिजवायच्या, ऊर्ध्वपातन करायचं, मग गोडवा, मग रंग. रंगही वनस्पतींचाच, बाहेरचा थेंब नाही. त्यानंतर ओकच्या मोठ्या पिपांत काही वर्षं. पिंप केव्हा उघडायचं हे जबाबदार मठवासी चाखून ठरवतो. ऊर्ध्वपातनावर मठात बसून कॉम्प्युटरच्या पडद्यावरून लक्ष ठेवण्याची सोयही त्यांनी फार पूर्वीच करून घेतली. एकांत राखण्यासाठी यंत्र वापरायला त्यांची ना नाही.

चव सांगायची तर हिरवीपासून सुरुवात करू. ५५ टक्के अल्कोहोल. नाकाला आधी पुदिना आणि चुरगळलेला पाला, मग बडीशेप. पहिल्या घोटाला मधासारखा दाट गोडवा जिभेवर पसरतो, आणि तो जड होतोय असं वाटेपर्यंत खालून मिरीसारखा तिखटपणा वर येतो. मधोमध ओव्याची ओळखीची झणझण आहे. युरोपातल्या थाइमचा आणि आपल्या ओव्याचा वास थायमॉल या एकाच द्रव्याचा, त्यामुळे मराठी जिभेला ही दारू पटकन कळते. शेवटी लवंग, जायफळ आणि मुळीसारखा कडवटपणा, जो दोनेक मिनिटं रेंगाळतो. दशमूलारिष्ट ज्याने लहानपणी नाक दाबून प्यायलंय त्याला कुळी ओळखू येईल. फरक एवढाच की इथे कडू, गोड आणि तिखट एकमेकांच्या पायात येत नाहीत. एक खोट सांगायला हवी: गोडवा भरपूर आहे. ३० मिलिलिटरनंतर दुसरा पेला नीट चाखला जात नाही.

याच मठाची दुसरी लिक्यूर म्हणजे पिवळी शार्त्रूज: ४३ टक्के, मऊ, मधाळ, केशराच्या अंगाची. सुरुवात करणाऱ्याला सोपी. हिरवीची सवय झालेल्याला थोडी मिळमिळीत. व्ही.ई.पी. म्हणजे पिपात जास्त मुरवलेला प्रकार, लाकडी पेटीतली क्रमांक घातलेली एक लिटरची बाटली, हिरवी आणि पिवळी दोन्हींत. गुळगुळीत आहे यात वाद नाही, पण भाव काही पट आणि हिरवीतली धार बोथट. पैसे त्यात घालू नयेत. उलट एलिक्सिर व्हेजेताल ही १० सेंटिलिटरची छोटी बाटली घरात असावी. ६९ टक्के, लाकडाच्या गोल नळकांड्यात बसवलेली. ती पेल्यात ओतून प्यायची नसते. साखरेच्या खड्यावर चार-पाच थेंब टाकायचे आणि खडा चोखायचा. हिचं मूळ १८व्या शतकातल्या औषधी काढ्यात आहे. लिक्यूर नंतर आली.

नुसती प्यायची तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि ३० मिलिलिटर छोट्या पेल्यात ओता. फ्रीझरमध्ये आठ-दहा मिनिटं चालतील. रात्रभर ठेवली तर ५५ टक्क्यांमुळे गोठणार नाही, पण वास झोपून जातो आणि नुसतं गोड, दाट सरबत लागतं. मुंबईच्या मे महिन्यात कपाटातून काढून तशीच ओतली तर याउलट अल्कोहोलच आधी नाकात जातो. बर्फाचा एक मोठा खडा टाकणं ही सर्वांत सोपी तोड.

कॉकटेलमध्ये बहुतेकांना हवं असतं ते लास्ट वर्ड. जिन, हिरवी शार्त्रूज, माराश्चिनो आणि लिंबाचा रस, प्रत्येकी २२.५ मिलिलिटर, बर्फ घालून १२ ते १५ सेकंद जोरात हलवायचं, गाळून थंड पेल्यात. इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, माराश्चिनो म्हणून डब्यातल्या लाल चेरीचा पाक घालणं. ती वेगळी वस्तू. हवी ती पारदर्शक, कडसर इटालियन लिक्यूर. दुसरी, बाटलीबंद लाइम कॉर्डियल. त्यात आधीच साखर असते आणि पेला चिकट होतो. तिसरी, आपलं कागदी लिंबू समप्रमाणात घालणं. हे लिंबू जास्त आंबट, म्हणून २० मिलिलिटरवर थांबा, चाखा, मग वाढवा. बर्फ ओला असेल तर पाणी जास्त सुटतं आणि ओव्याची झणझण आधी जाते. एवढ्या महागड्या बाटलीवर हात बसवायचा नसेल तर ४० मिलिलिटर हिरवी, १२० मिलिलिटर टॉनिक आणि लिंबाची फोड. थंडीत १५० मिलिलिटर गरम चॉकलेटमध्ये ३० मिलिलिटर. स्कीइंगला जाणारे आल्प्समध्ये हेच पितात, आणि महाबळेश्वरलाही ते शोभेल.

साठवणीत सर्वांत मोठा शत्रू उजेड. रंग हरितद्रव्याचा, त्यामुळे दुकानाच्या काचेच्या फळीवर उन्हात उभी असलेली बाटली पिवळट-तपकिरी पडते. घेताना उजेडासमोर धरून बघा. रंग फिका आणि आकडा अलीकडचा असेल तर बाटली उन्हात राहिलीय, सोडून द्या. रंग मावळलेला पण आकडा बराच जुना असेल तर गोष्ट वेगळी. ही लिक्यूर बाटलीतही मुरते, आणि जुन्या बाटल्या, विशेषतः तारागोनाच्या, संग्राहक हुडकत असतात.

किमतीचं म्हणाल तर फ्रान्समध्ये ७०० मिलिलिटरची हिरवी साधारण ४० ते ५० युरोंच्या घरात. त्या भावाला डोळे मिटून घ्यावी. दुप्पट मागितले तर कॉकटेलपुरती पर्यायी बाटली घेणं शहाणपणाचं. हिरवीच्या जागी त्याच आल्प्समधली दोलाँ कंपनीची जेनेपी ही वनस्पतींची लिक्यूर चालते. ४५ टक्के आहे, त्यामुळे जिन थोडी चढ्या टक्क्यांची घ्यावी. पिवळीच्या जागी इटलीची स्त्रेगा ही लिक्यूर. नुसतं पिण्यासाठी दोन्हींपैकी कुठलीच बरोबरी करत नाही.

फ्रान्सला जाणं होणार असेल तर एक गैरसमज आधीच काढून टाका: मठ बघता येत नाही, कोणालाच नाही. त्याच्या खाली दोनेक किलोमीटरवर ला कोरेरी हे संग्रहालय आहे, तिथे मठवासीयाची खोली जशीच्या तशी मांडलीय. ते बघून मग ग्रनोब्लहून ट्रेनने व्वारोंला जा आणि जुन्या भट्टीखालची तळघरं बघा. दोन्ही एका दिवसात करायची तर स्वतःची गाडी हवी. परत येताना विमानात चेक-इन सामानात २४ ते ७० टक्क्यांची दारू माणशी पाच लिटरपर्यंत चालते, बाटली सीलबंद हवी. ६९ टक्क्यांची एलिक्सिर एका टक्क्याने या नियमात बसते. भारतीय कस्टमची करमुक्त मर्यादा मात्र माणशी दोन लिटर: हिरवीच्या दोन, एलिक्सिरच्या तीन, आणि तरी ३०० मिलिलिटर शिल्लक. एलिक्सिर तिच्या लाकडी नळकांड्यासकट ठेवा. हिरवी मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध. आणि मधल्या विमानतळावर सामान काढून पुन्हा तपासणी असेल तर ड्यूटी-फ्रीची पिशवी शेवटच्या विमानापर्यंत फोडू नका.