नायफाय वर्षभर वापरल्यावर: आधी तो पिवळा त्रिकोण, मग बाकीचं

काम ऐकायला एकदम किरकोळ होतं. डेटाबेसच्या एका टेबलात दिवसभर ऑर्डरच्या नोंदी येत राहतात, त्या उचलायच्या, जेसन (डेटा लिहायचा एक ठरलेला साचा) करायच्या, समोरच्या वेब सर्व्हिसला एचटीटीपी पोस्टने पाठवायच्या, संपलं. मी पण पहिल्यांदा तेच केलं जे सगळे करतात, चाळीसेक ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिली आणि क्रॉनला (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारा) लावून दिली. दोन महिने मस्त चाललं. मग एक दिवस समोरच्या टीमचा मेल, की मंगळवारच्या काही ऑर्डरी आमच्याकडे आल्याच नाहीत, आणि आमच्या लॉगमध्ये बघतो तर सगळं आलबेल. कुठल्या ऑर्डरी, गेल्याच नाहीत की गेल्या आणि त्यांनी नाकारल्या, काहीच सांगता येईना, कारण मी एरर पकडून नुसती प्रिंट करत होतो आणि ते प्रिंट कुठे जात होतं देव जाणे. त्या आठवड्यात अपाचे नायफाय, म्हणजे डेटा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारं टूल, लावायचं ठरलं. आता वर्ष होत आलं, म्हटलं जे कळलं ते लिहून टाकावं.

थोडं कुळ सांगतो, कारण त्याचा संबंध आहे. हे टूल मूळचं अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेमधलं, तिथे त्याचं नाव होतं नायगाराफाइल्स. २०१४ मध्ये त्यांनी ते अपाचे या सॉफ्टवेअर फाउंडेशनला देऊन टाकलं, २०१५ मध्ये ते अपाचेचं टॉप लेव्हल प्रोजेक्ट झालं. ज्या लोकांचं कामच कुठली गोष्ट कुठून आली नि कुठे गेली याचा माग ठेवायचं, त्यांनी बनवलेलं टूल आहे हे, आणि वापरताना ते पदोपदी जाणवतं.

इन्स्टॉल करणं अवघड नाही पण हलकंही नाही. जावा लागतं, दोन पॉइंट शून्यपासून (ते २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं) जावा २१ च लागतं, जुनं चालत नाही. चालू केलं की युजरनेम आणि पासवर्ड तो स्वतःच तयार करतो आणि लॉग फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि हे माहीत नसलं की माणूस लॉगिनच्या पानावर अॅडमिन अॅडमिन मारत बसतो. मी बसलो होतो अर्धा तास. आधीच्या व्हर्जनमध्ये साध्या एचटीटीपीवर लॉगिनशिवाय उघडायचं, २०२१ च्या १.१४ पासून ते मुळात बंद केलं, आणि बरंच केलं, कारण ज्याच्या हातात हा कॅनव्हास (म्हणजे काय ते पुढे येतंच) त्याच्या हातात तुमचा सगळा डेटा.

मग येतो तो कॅनव्हास. मोठं रिकामं पान, त्यावर प्रोसेसर नावाचे डबे ओढून टाकायचे आणि बाणांनी जोडायचे. माझ्या कामाला तीनच लागले: एक टेबलातल्या नवीन नोंदी उचलणारा क्वेरीडेटाबेसटेबलरेकॉर्ड, एक त्या सुट्या करणारा स्प्लिटरेकॉर्ड आणि एक पाठवणारा इनव्होकएचटीटीपी. प्रत्येक नोंद एका फ्लोफाइलमध्ये फिरते, म्हणजे आत मजकूर आणि बाहेर चिकटवलेली लेबलं, ज्यांना हे लोक अॅट्रिब्यूट म्हणतात. कुरिअरचं पाकीट समजा. पंधरा मिनिटांत चित्र तयार, मॅनेजरला दाखवलं, तो खूश, म्हणाला अरे हे तर मलापण समजतंय. खरी गंमत तिथेच आहे, चित्र समजतं म्हणून काम समजलं असं वाटतं.

तर तो पिवळा त्रिकोण. इनव्होकएचटीटीपीतून पाच वाटा निघतात: ओरिजिनल (पाठवलेली मूळ नोंद), रिस्पॉन्स (आलेलं उत्तर), रिट्राय, नो रिट्राय आणि फेल्युअर (या तिघांचं पुढे सांगतो). पाचही वाटा कुठे ना कुठे जोडलेल्या हव्यात, नाहीतर डब्यावर पिवळा इशारा येतो आणि प्रोसेसर चालूच होत नाही. जोडायचं नसेल तर टर्मिनेट नावाची एक टिक असते. आता पहिल्या दिवशी माणूस काय करतो? पाचही टिका मारतो, त्रिकोण जातो, सगळं पळायला लागतं, वा वा. मीही मारल्या. आणि त्या टिकेचा अर्थ असा की या वाटेने आलेली नोंद फेकून द्या. म्हणजे जे माझी स्क्रिप्ट गुपचूप करत होती तेच मी आता इतकं जड टूल लावून, चित्र काढून, मॅनेजरला दाखवून करत होतो! दोन दिवसांनी आकडे जुळेनात तेव्हा उजेड पडला. यात टूलचा दोष म्हणवत नाही, ते विचारतं, आपणच न वाचता हो म्हणतो. पण नवीन माणसाने हा रिव्ह्यू इथपर्यंत वाचून बंद केला तरी चालेल, फक्त नो रिट्राय आणि फेल्युअरला टर्मिनेटची टिक मारू नका. त्या वाटा एखाद्या थांबलेल्या डब्याला जोडा, नोंदी बाणावरच्या रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, पडून राहतील, पण राहतील तरी.

टिका काढल्यावर नो रिट्रायच्या क्यूमध्ये नोंदी साचायला लागल्या आणि मग या टूलच्या प्रेमातच पडलो. क्यूवर राइट क्लिक, लिस्ट क्यू, एक नोंद उघडली. आत मी पाठवलेला जेसन जसाच्या तसा, आणि बाजूला अॅट्रिब्यूटमध्ये स्टेटस कोड ४००, आणि त्याखाली समोरच्या सर्व्हरने दिलेलं उत्तर शब्दशः, की ऑब्जेक्ट (एक सुटी नोंद) अपेक्षित होता, अॅरे (नोंदींची यादी) मिळाला. पाकीट परत आलंय आणि पोस्टमनने वरच लिहिलंय का परत आलं ते. स्क्रिप्टच्या दोन महिन्यांत हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

कारण पण मजेशीर निघालं. जेसन लिहिणारा जो रायटर असतो तो मुळात अॅरे लिहितो, आणि एकेक नोंद सुटी केली तरी त्या एकट्या नोंदीभोवती चौकोनी कंस ठेवतोच. सर्व्हिसला हवा महिरपी कंस. रायटरच्या सेटिंगमध्ये आउटपुट ग्रुपिंग नावाचं एक खातं आहे, तिथे एका ओळीत एक ऑब्जेक्ट असं निवडलं की कंस जातात. एका कंसासाठी अख्खी दुपार. त्याच रायटरची दुसरी खोड म्हणजे तारखा: टाइमस्टॅम्पचा फॉरमॅट दिला नाही तर तो १९७० पासूनचे मिलिसेकंद म्हणून लांबलचक आकडा लिहितो, आणि समोरचा म्हणतो ही कुठली तारीख. तिसरी गोष्ट कंटेंट टाइप, म्हणजे पाठवलेला मजकूर कुठल्या प्रकारचा ते. तो फ्लोफाइलच्या माइम टाइप या लेबलवरून घेतला जातो. रेकॉर्डवाल्या प्रोसेसरमधून आलात तर लेबल आपोआप लागतं, पण नुसती फोल्डरमधून फाइल उचलून पाठवलीत तर लेबलच नसतं आणि ऑक्टेट स्ट्रीम (प्रकार न सांगितलेले नुसते बाइट) म्हणून जातं, मग ४१५, म्हणजे हा प्रकार चालत नाही, खात बसा.

आता रिट्राय, जिथे खरं पाणी मुरतं. ५०० च्या घरातले कोड रिट्रायच्या वाटेने जातात, ४०० च्या घरातले नो रिट्रायने, म्हणजे चूक तुमची आहे, पुन्हा पाठवून उपयोग नाही. तर्क बरोबर. फक्त ४२९ पण ४०० च्याच घरात राहतो ना! ४२९ म्हणजे सर्व्हर म्हणतोय जरा दमानं घे, फार पाठवतोयस. ते तर परत पाठवायलाच हवं, पण जातं नो रिट्रायमध्ये, कायमच्या नापासांच्या रांगेत. माझ्याकडे महिनाअखेरीला गर्दी झाली की चांगल्या भल्या नोंदी तिथे जाऊन बसायच्या. उपाय सोपा आहे, पुढे एक राउटऑनअॅट्रिब्यूट (लेबल बघून वाट ठरवणारा डबा) टाकून ४२९ वेगळे काढायचे आणि परत वळवायचे, आणि मुळात पाठवण्याआधी कंट्रोलरेट लावून वेग बांधायचा. पण हे स्वतःहून सुचावं लागतं. साध्या रिट्रायसाठी मात्र आधी लोक बाण गोल फिरवून त्याच डब्यात परत आणायचे, २०२२ च्या १.१६ पासून त्या वाटेवर रिट्रायचीच टिक आहे, मुळात १० वेळा प्रयत्न, मधला वेळ वाढत वाढत जास्तीत जास्त १० मिनिटं. हे आवडलं.

फेल्युअर अजून फसवं आहे. कनेक्शन तुटलं, उत्तर वेळेत आलं नाही, तर नोंद तिकडे जाते. उत्तराची वाट बघायची मुळातली मर्यादा १५ सेकंद. समजा सर्व्हरने १४ व्या सेकंदाला नोंद घेतली आणि १६ व्या सेकंदाला उत्तर दिलं, तर तुमच्याकडे ती फेल, त्यांच्याकडे ती पास, आणि तुम्ही परत पाठवली की तिकडे दोन ऑर्डरी. हा नायफायचा प्रश्न नाही, नेटवर्कवरून काहीही पाठवायचं म्हटलं की हे येतंच. सर्व्हिसला आयडेम्पोटन्सी की (त्या ऑर्डरची ओळख पटवणारी खूण) चालत असेल तर वाचता, तीच की दोनदा आली तर ते दुसरी सोडून देतात. इनव्होकएचटीटीपीमध्ये स्वतःची प्रॉपर्टी वाढवली की ती हेडर (मजकुरासोबत जाणारी माहितीची ओळ) बनून जाते, त्यामुळे लावणं एका मिनिटाचं काम.

मी तिथे फ्लोफाइलचं यूयूआयडी, म्हणजे तिचा एकमेव ओळख क्रमांक, लावलं, आयतं मिळतं म्हणून. आणि मग ते झालं.

टेस्टिंगसाठी मी अख्खा ग्रुप कॉपी पेस्ट केला, विचार केला की पत्ता नंतर बदलतो आधी चालतंय का बघू, आणि चालू केला. आता नोंदी उचलणारा प्रोसेसर कुठपर्यंत वाचून झालं हे स्वतःच्या स्टेटमध्ये लक्षात ठेवतो, पण कॉपी केलेला डबा हा नवीन डबा, त्याची पाटी कोरी, त्याने टेबल पहिल्या नोंदीपासून वाचायला घेतलं. आणि यूयूआयडी प्रत्येक फ्लोफाइलला नवीन मिळतं, त्यामुळे सर्व्हिसच्या दृष्टीने या सगळ्या नव्याकोऱ्या ऑर्डरी! कंट्रोलरेट होता म्हणून वेग कमी होता आणि शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, "अरे, तुझी ही क्यू भरतच का चाललीय?" तेव्हा थांबवलं. क्यू रिकामी केली, तोवर गेल्या त्या गेल्या, त्या निस्तरायला दोन दिवस आणि बरीच माफी लागली. त्यानंतर की म्हणून ऑर्डर नंबरच जातो, आणि कॉपी करायच्या आधी सुरुवात सध्याच्या कमाल किमतीपासून कर असं सेटिंग बदलून ठेवतो. हो, तसं सेटिंग आहे, तेव्हा कुणाला माहीत होतं.

क्यू भरण्यावरून आठवलं, बॅक प्रेशर. प्रत्येक बाणावर मर्यादा असते, मुळात १०,००० नोंदी किंवा १ जीबी, ती भरली की मागचा डबा आपोआप थांबतो. समोरची सर्व्हिस एकदा रात्रभर बंद होती, सकाळी येऊन बघतो तर बाण लाल, मागचा डबा निवांत, एकही नोंद हरवलेली नाही, सर्व्हिस उठल्यावर सगळ्याचा आपोआप निचरा झाला. क्यू डिस्कवर नोंदवलेली असते त्यामुळे मध्ये मशीन रीस्टार्ट झालं तरी चालतं. या एका सकाळसाठी मी त्याला बाकी बरंच माफ केलंय.

आणि प्रोव्हेनन्स, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या प्रवासाचा इतिहास. समोरच्यांनी विचारलं अमुक ऑर्डर पाठवली का, की शोधायचं, आणि त्या नोंदीची अख्खी कुंडली येते: कधी उचलली, कधी सुटी केली, कुठल्या पत्त्यावर कधी पाठवली. हवं तर तिथूनच रिप्ले करून परत पाठवता येते. दोन सूचना. एक, ही माहिती कायम राहत नाही, वेळेची आणि जागेची मर्यादा असते, ती कॉन्फिग फाइलमध्ये स्वतः बघून घ्या. आणि मूळ मजकूर साफ झाला असेल तर रिप्ले होत नाही. दोन, शोध ऑर्डर नंबरवर हवा असेल तर ते अॅट्रिब्यूट आधी काढून घेऊन इंडेक्सच्या यादीत घालावं लागतं, नाहीतर नुसत्या यूयूआयडीवर शोधत बसाल.

तक्रारी? आहेत ना. मेमरी भरपूर खातं, छोट्या मशीनवर दया येते. बदल तपासणं वैताग आहे, कोडमध्ये दोन ओळींचा फरक दिसतो, इथे कुणी कुठल्या डब्याच्या तिसऱ्या टॅबमध्ये कुठला आकडा बदलला ते शोधायचं. रजिस्ट्री (फ्लोच्या जुन्या आवृत्त्या साठवणारी जोडसोय) जोडली की व्हर्जन राहतात, दोन पॉइंट शून्यमध्ये थेट गिटहबलाही जोडता येतं, पण तरी कोड वाचण्याची मजा नाही त्यात. जुन्या व्हर्जनवरून दोनवर येताना टेम्प्लेट आणि व्हेरिएबल हे दोन्ही काढून टाकलेत, त्यामुळे जुने फ्लो असतील तर आधी पॅरामीटर कॉन्टेक्स्टवर (सेटिंगच्या किमतींचा नाव दिलेला संच) आणायची तयारी ठेवा. आणि चित्र वाढत गेलं की त्याचं जाळं होतं, डबे ग्रुपमध्ये घाला, लेबलं लावा, सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही तो बाण तिकडे का गेलाय.

रात्री एकदा फाइल पाठवायची आणि चुकली तर सकाळी हाताने परत पाठवायची, एवढंच असेल तर हे लावू नका राव, स्क्रिप्ट बरी, फक्त तिचं प्रिंट कुठे जातं ते बघा. कामं ठरलेल्या क्रमाने चालवायची असतील तर एअरफ्लो बघा, ते वेगळं जनावर आहे. पण एकेका नोंदीचा हिशोब द्यावा लागतो आणि समोरची सर्व्हिस आपल्या हातात नाही, तिथे पाचापैकी चार देईन. एक त्या पिवळ्या त्रिकोणाचा कापला, टर्मिनेट शब्दाशेजारी "नोंद जाईल हां" एवढं तरी लिहायला हवं होतं.

आत्ता हे लिहिताना नो रिट्रायच्या क्यूमध्ये ३ नोंदी आहेत. उघडून बघितल्या, तिन्हीत पिनकोडच्या रकान्यात कुणीतरी मोबाइल नंबर टाकलाय.